टेप कठड्यावर ठेव

"टेप कठड्यावर ठेव, पोरी. साहेबाच्या हातात नोको देऊ."

देवळाच्या समितीचे अध्यक्ष गुणवंतभाऊ हे इतक्या सहज म्हणाले, की मी हातातली विहिरीचं पाणी मोजायची टेप खरंच ठेवली. त्यांनी तांब्यातलं पाणी टेपवर ओतलं. खांद्यावरच्या दुपट्ट्याने ती पुसली आणि तालुक्याहून आलेल्या साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी मुकाट्याने घेतली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बार्शीटाकळी तालुक्यातलं आमचं गाव. भूजल वाचवायची सरकारी योजना. गावातल्या विहिरींत पाणी किती खोल आहे ते पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर मोजायचं, हे माझं काम. बी.एस्सी. झालेली, परीक्षा देऊन निवडलेली मी. मारुतीच्या देवळासमोरची ती विहीर ग्रामपंचायतीची. देवळाची नाही, गुणवंतभाऊंच्या बापाची तर मुळीच नाही.

"देवाच्या आंघोळीचं पानी हाय हे," गुणवंतभाऊ म्हणाले. "तू मनात काही नोको घेऊ. तू आमाले लेकीसारखीच हाय."

लेकीसारखी! अंगाची लाही लाही झाली माझ्या.

मागच्या उन्हाळ्यात याच योजनेतून याच विहिरीचा गाळ काढला. खाली उतरायला गावातून कोण पुढे आलं? कोणी नाही. आमच्या बौद्धवस्तीतली माणसं उतरली. माझे बाबा कमरेइतक्या चिखलात उभे राहून टोपल्या भरत होते. त्यांचा घाम त्या विहिरीत पडला, पायाची जखम त्या चिखलात चिघळली. तेव्हा कोणी तांब्या घेऊन आलं नव्हतं. बापाचं अख्खं शरीर चाललं आणि लेकीच्या हातातली टेप चालत नाही. मी हे तिथेच, मोठ्याने बोलले. गुणवंतभाऊंनी तांब्या पुन्हा भरून घेतला.

मग मी साहेबांकडे वळले. "साहेब, अकोल्याच्या ट्रेनिंगमदी तुमीच वाचून दाखवलं होतं न? या योजनेत जातीवरून, धर्मावरून कोनाले बाजूले ठेवता येनार नाही म्हनून?"

"अहो ताई, गावात जरा सांभाळून घ्यावं लागतं," साहेब हळूच म्हणाले. "मी मोजतो, आकडा सांगतो. तुम्ही लिहून घ्या."

सांभाळून घ्या. आयुष्यभर हेच केलं की. शिकायला अमरावतीला गेले, राजापेठेत खोली बघितली. घरमालकीण गोड बोलत होती. आडनाव विचारलं, आणि ती खोली अचानक तिच्या भाच्यासाठी राखीव निघाली. तेव्हाही मी "बरं काकू" म्हणून जिना उतरले होते. ते "बरं काकू" मला अजून डाचतं.

आता नाही. मी साहेबांच्या हातातून टेप ओढून घेतली आणि विहिरीत सोडली. टेपच्या टोकाचं वजन पाण्याला टेकलं. मी आकडा वाचला, देवळातल्या पुजाऱ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

"कावून केलं वं असं?" गुणवंतभाऊ ओरडले. "आता सारं पानी फेका लागन!"

मला वाटलं, रागाच्या भरात बोलले. पण त्यांनी खरंच मोटर लावली. ऐन उन्हाळ्यात, ज्या गावात टँकरवर बायकांची भांडणं होतात, त्या गावात दुपारभर विहिरीचं पाणी नालीतून वाहत गेलं. विहीर शुद्ध करायला. पाणी वाचवायच्या योजनेतली विहीर! बाया रिकामे हंडे-गुंड कमरेवर घेऊन बघत उभ्या. मी मोबाईलवर सगळ्याचा व्हिडिओ घेतला. साहेब तोवर गाडीत बसून निघून गेले होते. फोन केला तर म्हणाले, "मी काही पाहिलेलं नाही."

मी पोलिसांत तक्रार दिली. ॲट्रॉसिटीची. अकोल्याला जाऊन कलेक्टर ऑफिसातही अर्ज दिला.

मग आमच्या दारात माणसं आली. गुणवंतभाऊ पुढे. "तक्रार मांगं घे. गावाची योजना जाईन, पैसा वापस जाईन. मंग गाव तुमाले जगू देईन का?"

ते गेल्यावर आई रडायला लागली. "घे वं बाई मांगं. आपल्याले याच गावात राहा लागते."

बाबा भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "त्या इहिरीत मी उतरलो होतो. मांगं नोको घेऊ."

परवा साहेबांचा फोन आला. आवाज एकदम मऊ. ती एक विहीर सोडून द्या, बाकीच्या मोजा, नोकरीला धक्का लागणार नाही, तेवढी तक्रार मात्र मिटवून टाका. सरकारी माणूस सरकारचाच नियम मला मोडायला सांगत होता, माझ्या नोकरीच्या मोबदल्यात.

मी नाही म्हटलं. नोकरी काढून घ्यायची तर लेखी घ्या, कारण लिहून द्या, असंही सांगितलं. तक्रार तिथेच आहे आणि तिथेच राहील.

पावसाळ्यानंतरची मोजणी आता आली आहे. मी सुरुवात देवळासमोरच्या विहिरीपासून करणार. गुणवंतभाऊंनी तांब्या भरून उभं राहावं. पुन्हा मोटर लावायची तर लावावी, मी पुन्हा पोलिसांत जाईन. टेप कठड्यावर ठेवणार नाही.