शेजारच्या खाटेवरचं हाड

भिवंडी तालुक्यात आजवर पुष्कळांचे हात-पाय मोडले असतील, पण स्वतःच्या मोडक्या हाडाचा एवढा तोरा पूर्णा गावच्या मावशींइतका कुणीही मिरवला नसेल. हे मी ऐकीव सांगत नाही. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत, तिकडची भातशेतं जाऊन गोदामं उभी राहत होती तेव्हा, भिवंडीतल्या एका दवाखान्याच्या बायकांच्या वॉर्डात मी त्यांच्या शेजारच्या खाटेवर साडेतीन महिने पडून होते. मावशींचा पाय एका ट्रेलरच्या चाकाखाली गेला होता. गोदामासमोरच्या नव्या सिमेंटच्या रस्त्यावर त्यांनी सुकट वाळत घातली होती आणि ट्रेलर मागे येत होता. क्लीनर ओरडला, लोक ओरडले, पण मावशी हलल्या नाहीत. "मी कशाला बाजूला होऊ? रस्ता माझे शेतातून गेलाय!" हे वाक्य त्या प्रत्येक भेटायला येणाऱ्याला ऐकवत, आणि शेवटी न चुकता सांगत, की सुकटीचा एक कणसुद्धा वाया गेला नाही, सुनेनं सगळी गोळा केली.

माझ्या अपघातात असं सांगण्यासारखं काहीच नव्हतं. शाळेत शिकवून घरी येताना कल्याण नाक्याजवळ माझी रिक्षा उलटली. बस्स. ट्रेलरपुढे रिक्षा म्हणजे काय! भेटायला आलेली माणसं "अरेरे" म्हणायची आणि स्टूल मावशींच्या खाटेकडे सरकवायची.

दुखणं मात्र दोघींचं अगदी सारखं. दोघींचीही उजवी नडगी फुटून हाडाचे तुकडे अपघाताच्या जागीच निखळून गेले होते आणि मध्ये चांगली दोन बोटं पोकळी राहिली होती. पायाला बाहेरून सळ्यांचा सांगाडा ठोकलेला. जखम स्वच्छ होऊन कातडी धरली, की कमरेच्या हाडातून थोडं हाड काढून त्या पोकळीत भरायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते हाड तिथे रुजेल, दोन्ही टोकांना धरेल. मी घाबरून अंगावरची चादर घट्ट धरली. मावशी मात्र खूश झाल्या. "म्हंजे आवणीच की! एका खाचरातला रोप उपटायचा न् दुसऱ्यात लावायचा. पोरा, मना वाटलं तू काय नवीन सांगतोस!" पन्नाशीच्या त्या डॉक्टरांना मावशी पोराच म्हणत. ते मला 'मॅडम' म्हणत आणि मावशींजवळ दहा मिनिटं जास्त थांबत. मी घड्याळ लावून बघितलं होतं.

दोघींचं ऑपरेशन एकाच दिवशी झालं. त्यानंतर मी आदर्श रुग्ण झाले. गोळ्या वेळेवर, दूध वेळेवर, पाय सांगितला तसा उशीवर. मावशी सळ्यांच्या त्या सांगाड्यावर रुमाल वाळत घालायच्या, त्यावर चमचा वाजवून आयाला बोलवायच्या. गावाकडून त्यांना तांदळाच्या भाकऱ्या यायच्या, खाडीतल्या जिताड्याचं कालवण यायचं, कधी निवट्या माशांचा रस्सा. त्याचा वास माझ्या वरणभातावरून जायचा. आमचे हे दिवसाआड यायचे, पण माझी विचारपूस दोन मिनिटांत उरकून मावशींच्या गोष्टी ऐकत बसायचे. एकदा तर मी पाणी मागितलं तेव्हा "एक मिनिट हं, ट्रेलरवाल्याचं पुढे काय झालं तेवढं ऐकू दे," म्हणाले. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. माझी कुठलीही गोष्ट त्यांनी अशी ऐकलेली मला आठवत नाही.

हे सगळं मी सोसलं असतं. पण सहा आठवड्यांनी पायांचे फोटो काढले. डॉक्टरांनी दोन्ही फोटो खिडकीच्या काचेवर लावले. मावशींच्या पोकळीत पांढरट ढग धरल्यासारखा दिसत होता. माझी पोकळी होती तशीच काळी.

"धरलं की वो!" मावशी ओरडल्या. मग माझ्या फोटोकडे बघून म्हणाल्या, "तुझापन धरंल, बाय. तुझा जरा लाजरा हाय."

त्या दिवसापासून मी मत्सरानं जळू लागले, आणि तेही एका हाडावरून! लोक शेजारणीच्या बांगड्यांवर जळतात, साडीवर जळतात. मी फोटोतल्या एका पांढऱ्या डागावर जळत होते. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मावशी तो फोटो उन्हात धरून दाखवायच्या आणि मी भिंतीकडे तोंड करून पडायची.

यात भर म्हणजे मावशी मिशेरी लावायच्या. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, तंबाखू कुठल्याही रूपात चालणार नाही, हाड धरत नाही. मावशींनी मान डोलावली होती. आणि रोज दुपारी वॉर्ड पेंगला, की उशीच्या अभ्र्यातून पत्र्याची डबी निघायची. मी पथ्य पाळून कोरडी आणि ही बाई दात काळे करून हाड जुळवतेय! एका सकाळी डॉक्टर आले तेव्हा मी अगदी काळजीच्या आवाजात म्हणाले, "डॉक्टर, मावशींच्या उशीत मिशेरीची डबी आहे."

डॉक्टर एवढे चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. धरलंय तेही सुटेल, पाय कापायची वेळ येईल, असं बरंच बोलले आणि डबी घेऊन गेले.  दोन दिवस चमचा वाजला नाही, ट्रेलर मागे आला नाही. मला आत कुठेतरी बरं वाटत होतं, हे कबूल करते.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. "बाय, माझे मिशेरीचा अख्खे गावाला ठाव हाय. पोराला, सुनेला, सगल्यांना. कोन एक सबूद बोललं न्हाय. तू बोललीस." त्यांचे डोळे भरले होते. "पोटची लेक असती तर तीच बोलली असती."

 त्यांनी भाकरीचा अर्धा तुकडा माझ्या ताटात टाकला. त्या दिवसापासून मिशेरी सुटली ती सुटलीच. पुढच्या फोटोत त्यांचं हाड असं जुळत आलं होतं, की डॉक्टरांनी शेजारच्या वॉर्डातल्या डॉक्टरांना बोलावून दाखवलं. मत्सरापायी मी मावशींचा पाय बरा करून ठेवला होता. माझ्या फोटोत एका टोकाला किंचित काहीतरी दिसत होतं. तेही बघणाऱ्याच्या मायेवर अवलंबून.

आम्ही दोघी सळ्यांसकट घरी गेलो. पुढे मावशींच्या सळ्या निघाल्या, आणि मला सांगण्यात आलं की माझं हाड धरलेलं नाही. आता दुसऱ्या बाजूच्या कमरेतून काढून पुन्हा भरावं लागेल. तेही नाही धरलं तर पुढचं काही सांगता येत नाही.

ऑपरेशनच्या सकाळी मावशी आल्या. काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी. त्यांना दारातून चालत येताना बघून मी मनापासून म्हणाले, "वा!" आणि तितक्याच मनापासून मला त्या क्षणी त्यांचा राग आला. त्या मात्र तडक डॉक्टरांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"पोरा, हिचा हाड लाजरा हाय. माझा काढ. माझे डावे बाजूचा अजून कोरा हाय."

डॉक्टर हसले. म्हणाले, "मावशी, जिचं तिचंच चांगलं रुजतं."

"मंग माझाच कसा रुजला? मी हिचेपेक्षा म्हातारी!" मावशी हट्टाला पेटल्या होत्या. त्या थट्टा करत नव्हत्या. पदर खोचून खरोखरच तयारीनं आल्या होत्या, सकाळपासून काही खाल्लंसुद्धा नव्हतं.

मला राहवलं नाही. "मावशी," मी म्हणाले, "ते मिशेरीचं मी चांगल्या मनानं सांगितलं नव्हतं. तुमचं हाड धरलं म्हणून मला जळायला झालं होतं."

 "मंग जलायचंच ना," मावशी म्हणाल्या. "तुझा न्हवता धरला. मीपन जलले असते." आणि माझी चादर नीट करत राहिल्या. शुद्धीवर आले तेव्हा त्या पायथ्याशी बसल्या होत्या आणि आमच्या ह्यांना जबरदस्तीनं चहा पाजत होत्या.

दुसऱ्या वेळेला माझं हाड धरलं. सावकाश, कुरकुरत, पण धरलं. पाय मात्र बोटभर आखूड राहिला.

हल्ली वर्षातून एकदा-दोनदा मी पूर्ण्याला जाते. मावशींची सत्तरी कधीच उलटलीय, काठी केव्हाच सुटलीय. परत निघाले, की त्या मला रिक्षापर्यंत पोचवायला येतात. दोन्ही बाजूंना गोदामं, मधून ट्रेलर. त्या तरातरा पुढे चालतात आणि मी मागे पडते. त्या सरळ पाठीकडे बघताना मला अजूनही थोडं जळायला होतं. मग थोड्या अंतरावर त्या थांबतात. पदर सारखा करतात, एखाद्या गोदामाच्या पाटीकडे टक लावून बघतात. मावशींना वाचता येत नाही. मी गाठेपर्यंत त्या पाटीच बघत राहतात, मागे वळून मात्र एकदाही बघत नाहीत.