माझ्या नावाच्या तीस पिशव्या

शाबान हा बायकांचा महिना, असं मी लहानपणापासून धरून चालले आहे. रमजानच्या आधीचा हा महिना. पुरुष या दिवसांत निवांत असतात, मशिदीला यंदा रंग कुठला द्यायचा यावर तासन्‌तास वाद घालतात. बायका मात्र मागच्या रमजानात राहिलेले रोजे पुरे करायला घेतात. महिन्याचे ते चार-सहा दिवस बाईला रोजा धरता येत नाही, तेवढे नंतर एकेक करून भरून काढायचे असतात. वर्षभर आज-उद्या करत सगळ्याजणी शाबानातच जाग्या होतात. सांगलीकडच्या आमच्या घरी आई, चुलती आणि आत्या तिघी उपाशी पोटी चुलीपुढे बसून पुरुषांना गरम भाकऱ्या वाढायच्या. मी विचारायचे, तू का जेवत नाहीस, तर आत्या म्हणायची, "माझं जुनं राहिलंय, तू गप जेव."

मला ते फार आवडायचं. आपलं राहिलेलं आपण निस्तरायचं, गाजावाजा नाही की कोणाची परवानगी नाही. लग्न होऊन चंदीगडला आले, मुलींच्या पॉलिटेक्निकमध्ये शिवणकाम शिकवायला लागले, झिरकपूरला फ्लॅट घेतला, तरी शाबानातले माझे हे रोजे कधी चुकले नाहीत. मागच्या रमजानात मात्र सगळेच्या सगळे तीस राहिले. तेव्हा मी इथल्या मोठ्या इस्पितळात रक्ताच्या कॅन्सरवर उपचार घेत होते. केस गेले, नखं काळी पडली, तोंडात पाणीसुद्धा कडू लागायचं. दिवाळीच्या सुमारास डॉक्टर म्हणाल्या, रिपोर्ट चांगला आहे. त्या दिवशी मी मनात ठरवलं की तीसच्या तीस फेडायचे, आणि ते थंडीतच. यंदा शाबान जानेवारीत येत होता. इकडचा जानेवारी म्हणजे दहा वाजेपर्यंत धुकं आणि सहाच्या आत संध्याकाळ, रोज्याला याहून सोपे दिवस कुठले मिळणार?

शाबान लागला त्याच आठवड्यात माझी तपासणी होती. रिपोर्ट आणायला आमचे हे गेले, कारण कॉलेजात माझ्या वर्गातल्या मुलींची परीक्षा होती. हे सरकारी प्रयोगशाळेत माती तपासतात, शांत माणूस, चार शब्दांचं काम दोन शब्दांत करणारा. संध्याकाळी मी विचारलं, काय म्हणाल्या डॉक्टर? "ठीक आहे," म्हणाले, आणि गीझरचं बटण बघायला गेले. मी विश्वास ठेवला. इतक्या वर्षांत ते माझ्याशी कधी खोटं बोलले नव्हते, मग त्याच दिवशी संशय का घेऊ?

तीन दिवसांनी कॉलेजातून घरी आले तर बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. आट्याच्या पिशव्या, तांदूळ, चणाडाळ, साखर, तेलाच्या बाटल्या, खजूर. आमच्याकडे दर शाबानात हे असतंच. गरिबाच्या घरात रमजान लागायच्या आधी सामान पोचायला हवं, पहिल्या पहाटे सहेरी रांधताना त्या बाईला डबे खडखडवायला लागू नयेत, हा आमचा नेम आहे. म्हणून मी आधी खूशच झाले. पदर खोचला आणि यांच्या चुका काढायला बसले. पुन्हा शेंगतेल आणलं होतं. पहिल्या वर्षी मीसुद्धा आपलं सांगलीचं डोकं चालवून शेंगतेल वाटलं होतं, तेव्हा बिहारकडच्या बायका बाटली नाकाशी धरून एकमेकींकडे बघत राहिल्या. त्यांना लागतं सरसोंचं, म्हणजे मोहरीचं. एवढी वर्षं झाली तरी यांच्या डोक्यात ते शिरत नाही. बडबड करता करता पिशव्या मोजल्या तर तीस भरल्या. आम्ही दरवर्षी दहा करतो.

"तीस कशाला आणल्यात?" मी विचारलं. हे बाटल्या सरळ लावायला लागले. लेक मोबाइलवरून डोकं वर न काढता म्हणाली, "अम्मी, आपके रोज़ों का फिदिया है ना. पापा ने मौलाना साहब से पूछा था."

माझ्या हातातली खजुराची पुडी हातातच राहिली.

ज्यांना हे माहीत नाही त्यांना सांगते. आजारपणात रोजे राहिले तर दोन वाटा आहेत. माणूस बरा होणार असेल तर त्याने बरं झाल्यावर ते स्वतः धरायचे. तिथे पैसे किंवा धान्य देऊन सुटका नाही. जो आता बरा होण्यातला नाही, किंवा म्हातारपणाने पार थकला आहे, त्याने मात्र एका रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालायचं. याला फिदिया म्हणतात. माझ्या वडिलांचा फिदिया आम्ही त्यांच्या शेवटच्या वर्षी दिला होता. ते खाटेवरून बघत होते आणि मी धान्य मापत होते. त्या घरात कोणी काही बोललं नाही, पण सगळ्यांना कळत होतं. त्यांनाही.

"मौलानांनी तुम्हाला काय विचारलं?" मी म्हटलं.

"अगं, नेहमीचंच."

"नेहमीचं काय? बरी होण्याची आशा आहे का, असंच विचारलं ना?"

हे उठले, मोरीत गेले आणि धुतलेला कप पुन्हा धुवायला लागले.

"तुम्ही काय सांगितलंत?"

नळ चालू राहिला. मला उत्तर कळलं.

मी तापट आहे, हे सगळा मजला जाणतो. पण त्या दिवशी मला जो संताप आला तसा आजारावरही कधी आला नव्हता. आजार तर न विचारता आलेला, त्याच्याशी काय भांडायचं? यांनी मात्र माझ्या पाठीमागे जाऊन, माझ्या वतीने, मी आता उठणार नाही असं एका परक्या माणसाला सांगून टाकलं होतं. वर तीस पिशव्या आणून त्यावर शिक्का मारला. मी कपाटातली फाइल काढली. रिपोर्टमधले आकडे वाचायला आता मला कोणाची गरज लागत नाही. आजार परत आला होता. माझी बातमी मला आट्याच्या पिशव्यांनी दिली.

"तुमची हिंमत कशी झाली?" मी म्हटलं. "रडायचं होतं तर माझ्यापाशी रडायचं."

"तुझ्यावर काही राहू नये म्हणून केलं," ते म्हणाले. "उद्या काही झालं तर... तुझ्या डोक्यावर ओझं नको."

माझा जीव तुटला, खोटं कशाला सांगू. पण मी हलले नाही. म्हटलं, "ओझं माझं आहे. ते माझ्या डोक्यावरच राहू दे."

दुसऱ्या दिवशी एकटीच इस्पितळात गेले. डॉक्टर नागपूरच्या, माझ्याहून वयाने लहान, इतर पेशंटांशी हिंदी-पंजाबी बोलून दमल्या की माझ्याशी मराठी बोलायला मिळतं म्हणून खूश होणाऱ्या. त्या दिवशी त्यांचा चेहराही उतरलेला होता. त्यांनी काही लपवलं नाही. आजार परत आलाय, नव्या गोळ्या सुरू करू, काहींना चांगला गुण येतो, किती काळ ते सांगता येत नाही.

"आशा आहे का?" मी विचारलं. "मला हो किंवा नाही पाहिजे. माझ्या रोज्यांचा प्रश्न आहे."

त्यांना आधी काही उमगेना. मी सगळं सांगितलं. पेन खाली ठेवून त्या म्हणाल्या, "ताई, मी 'नाही' असं तुमच्या मिस्टरांना म्हटलेलं नाही. तुम्हालाही म्हणणार नाही."

मला तेवढं पुष्कळ होतं. मग आमची घासाघीस झाली. मी म्हणत होते रोज धरते, त्या म्हणत होत्या एकही नको. शेवटी आठवड्याला एक, तोही गोळी संध्याकाळी घेऊन, आणि ताप किंवा चक्कर आली तर तिथल्या तिथे सोडायचा, असं ठरलं. येणाऱ्या रमजानातही तेवढेच. मी गुरुवार निवडला.

घरी येऊन यांना सांगितलं की पिशव्या जातील, पण फिदिया म्हणून नाही. नीयत बदला. दरवर्षी जसं रमजानचं सामान देतो तसं द्या. दहाच्या तीस झाल्या तर गरिबाचं काही बिघडत नाही. हे म्हणाले, "अगं, पण मौलानांनी..." मी म्हटलं, "मौलानांना तुम्ही चुकीचं सांगितलंत. त्यांची काही चूक नाही."

रविवारी दुपारी आम्ही एयरोसिटीकडे गेलो. तिथे नव्या इमारतींच्या मागे मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या आहेत. गाडीत तेलाच्या बाटल्या बदलून घेतलेल्या, सरसोंच्या. आमच्याकडे घेणाऱ्याचा फोटो काढत नाहीत आणि त्याला रांगेत उभं करत नाहीत, घरोघर जाऊन दारात ठेवतात. लेक आणि मी ठेवत होतो, हे पिशव्या उतरवत होते. एका खोलीतली म्हातारी मोठी व्यवहारी. तिने पिशवी आत ओढली आणि विचारलं, "किसके नाम का है, बाबूजी? दुआ में नाम लेंगे." बहुतेक लोक गेलेल्या माणसाच्या नावाने देतात, म्हणून ती विचारत होती. यांचं तोंड एवढंसं झालं. मी पुढे झाले आणि म्हटलं, "किसी के नाम का नहीं है, अम्मा. रमज़ान का है. पकाओ और खाओ." ती म्हणाली, "तो तुम्हारे लिए दुआ कर दूँ?" मी म्हटलं, "कर दो, पर लंबी करना."

परतताना झिरकपूरच्या चौकात पाऊण तास अडकलो. तेवढ्या वेळात यांनी समोरची काच दोनदा पुसली.

मग शब्बे बरात आली, शाबानची पंधरावी. त्या रात्री येत्या वर्षाचा हिशेब लिहिला जातो, कोण राहणार, कोण जाणार, असं आमच्याकडे मानतात. काहीजण मानत नाहीत. मी दुपारीच चणाडाळीचा हलवा केला, मजल्यावर सगळ्यांकडे पाठवला, शेजारच्या सरदारजींनी डबा परत देताना आणखी मागितला. नंतर नमाजाला जानमाज अंथरून बसले. दरवर्षी मी माफी मागते, लेकीसाठी मागते, यांच्या गुडघ्यांसाठी मागते. यंदा सरळ बोलले. म्हटलं, या अल्लाह, तीसातले एकोणतीस रोजे अजून माझ्या मागे आहेत. ते धरल्याशिवाय मला बोलावलंस तर तुझंच येणं बुडेल. बेअदबी झाली असेल तर तो बघून घेईल. मला तेव्हा फार बरं वाटलं.

पहिला गुरुवार शब्बे बरातीच्या आधीच झाला होता, तो सोपा गेला. दुसऱ्या गुरुवारी वर्गात ब्लाउजची बाही कापायला शिकवताना डोळ्यांपुढे काळोख आला. पोरींनी धरलं, एकीने पाण्याची बाटली तोंडाला लावली, मी प्यायले. रोजा मोडला. सहेरीला मी दोन घास खाऊन उठले होते, आळस केला होता, माझीच चूक. घरी येऊन धाय मोकलून रडले. हे जवळ बसून राहिले, आता सोड म्हणाले नाहीत. पुढच्या गुरुवारी पहाटे मला जाग आली तर स्वयंपाकघरात दिवा होता आणि हे अंडी उकडत होते. ज्या माणसाला चहाशिवाय काही करता येत नाही तो अंडी सोलत होता, निम्मी टरफलासकट. बाहेर धुकं खिडकीशी आलं होतं. मी सगळी खाल्ली. तो रोजा पूर्ण झाला, त्याच्या पुढचाही.

तीन झाले. सत्तावीस राहिले.

शाबान संपत आला. एकोणतिसाव्या दिवशी, चंद्र दिसतो का बघायला लोक गच्च्यांवर जायच्या आधी, मौलानांचा फोन आला. यांचे हात कणकेत होते, कारण त्या दिवशी पोळ्या करायचा हट्ट त्यांनी घेतला होता. लेकीने फोन स्पीकरवर लावून ओट्यावर ठेवला. मौलाना आपुलकीने विचारत होते, "भाईसाहब, रमज़ान आ रहा है, वो फिदिया अदा हो गया ना?"

मी भाजी चिरत होते, चिरतच राहिले. यांनी एकदा माझ्याकडे बघितलं.

"नहीं, मौलाना साहब," ते म्हणाले. "मैंने उस दिन ग़लत बताया था. रोज़े ये खुद रखेंगी. सत्ताईस बाकी हैं, और इस रमज़ान के भी चढ़ेंगे, अगले के भी. हफ़्ते का एक रखती हैं. दो साल तो लगेंगे."

मौलाना म्हणाले, "इंशाअल्लाह."

इतक्या डॉक्टरांपैकी एकानेही माझ्यासाठी दोन वर्षं हा शब्द उच्चारला नव्हता. लेकीने फोन बंद केला आणि तशीच पाठ करून उभी राहिली. हे पुन्हा कणीक मळायला लागले, खाली मान घालून, गरजेपेक्षा फार जोरात.

मी म्हटलं, "तीन सांगायची होतीत."