मशीन नंबर दोनला दिवस गेले

आमच्या घरातली पहिली गोड बातमी एका लोखंडी मशीनची होती.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी दिंडोरी रोडवरच्या एका हॅचरीत सुपरवायझर होतो. म्हणजे अंडी उबवायचं कोंबडीचं काम मशीनकडून करून घेत होतो. लग्नाला चार वर्षं झाली तरी घरात पाळणा हलत नव्हता. आमच्या पंचवटीच्या गल्लीत एकाला ठसका लागला तर दहाजणी पाणी घेऊन धावतात, तिथे ही बाब खाजगी कशी राहणार! माझ्या बायकोनं, सुलभानं, सोळा सोमवार केले, कडू काढे घशाखाली घातले आणि प्रत्येक हळदीकुंकवाला "काय गं, काही विशेष?" हे निमूट ऐकून घेतलं. मला मात्र कुणी काही विचारलं नाही. (मीही स्वतःला विचारलं नाही.)

शेवटी तीच मला ओढत एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"घाबरू नका. औषधसुद्धा नको इतक्यात," बाई म्हणाल्या. "रोज सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी थर्मामीटर तोंडात धरायचा आणि पारा आलेखावर मांडायचा. कुठले दिवस योग्य, ते त्यावरून कळतं."

आलेख! तोही तापमानाचा! अहो, हा तर माझा हातखंडा! हॅचरीत दर तीन तासांनी प्रत्येक मशीनचा पारा बघून दिवसाचा एक ठिपका मीच तर देत होतो! "बाई, ते माझ्यावर सोपवा," मी छाती फुगवून म्हणालो. कागद आणला हॅचरीतला, पेन्सिल हॅचरीतली. सुलभा पारा वाचायची, मी ठिपका द्यायचो.

"अहो, वर माझं नाव तरी लिहा," ती म्हणाली.

"नाव कशाला? कुठला कागद कुणाचा, एवढं कळत नाही का मला?"

एकोणिसाव्या दिवशी सुलभा शिकवायची त्या शाळेत परीक्षा होती, म्हणून बाईंकडे मी एकटाच गेलो. जाताना मशीन नंबर दोनचा कागद मालकांच्या टेबलावर ठेवून गेलो. (असं मला वाटत होतं.)

बाईंनी कागद पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

"अहो, एकोणीस दिवस पारा चढाच! साडेनव्व्याण्णवच्या खाली उतरलाच नाही! ताप आहे का त्यांना?"

"छे! कालच पुरणपोळ्या केल्या तिनं."

"मग दिवस राहिलेत की काय, बघायला हवं. त्यांना घेऊन या. तपासल्याशिवाय..."

तपासल्याशिवाय काय, ते ऐकायला मी जागेवर होतो कुठे! सायकल हाणत घर गाठलं. बातमी ऐकून आई मटकन खाली बसली आणि उठली ती थेट पेढे आणायला गेली. तासाभरात गल्लीत पेढे फिरले, गोदावरीची ओटी भरून झाली. सुलभा शाळेतून आली, तर शेजारच्या तिघीजणींनी तिला दारातच धरलं.

"जिना चढू नकोस!"

"अगं, पण झालंय काय?"

"घ्या! हे आम्ही सांगायचं का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "अहो, खरंच? मला तर काहीच कळलं नाही..."

"बाईंनी आलेख बघून सांगितलं!"

ती कोपऱ्यात बसून खूप रडली आणि मग हसली. चार वर्षांत तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी हॅचरीत गेलो तर शेडमागे खड्डा खणणं चाललेलं! आमचे मालक आबासाहेब चांदवडकडचे, कांदा सोडून कोंबड्यांत आलेले. माझा कागद नाचवत ते ओरडले, "ये! मशीन नंबर दोनचा कागद ह्योच ना? तेरा दिवस सत्त्याण्णव! चौदाव्या दिवशी जरा ऊब आली, तीबी अठ्ठ्याण्णवच! अंडी उबवत होता का गारठवत? लय झालं, समदी खड्ड्यात टाकायला लावलीत!"

मी कागदाकडे नीट पाहिलं.

"आबासाहेब, खड्डा थांबवा! हे मशीन नाही!"

"मग काय हाय?"

"ही... माझी बायको आहे."

खणणाऱ्याची कुदळ वरच्या वर थांबली. आबासाहेबांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईनं कागद टेबलावर पालथा घातला.

"वैनींचं... रोज मोजतो तू?"

"रोज."

"दर तीन तासांनी?"

"नाही हो! सकाळी एकदाच!"

अंडी वाचली. पण तेवढ्यात डोक्यात वीज चमकली: हा कागद इथे, तर मग बाईंनी काल पाहिलं काय? बाप रे! पेढे मशीनचे वाटले होते!

घरी सुलभा पाटावर बसली होती आणि आई तिला आग्रहानं शिरा वाढत होती. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. आई म्हणाली, "आता पेढे परत मागायचे की काय?" सुलभा "म्हणजे तुमच्या मशीनला दिवस गेलेत," एवढंच म्हणाली आणि आत जाऊन तिनं कडी लावली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन दिवसांनी खरा कागद घेऊन दोघं बाईंकडे गेलो. बाई आधी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांनी आलेखावर बोट ठेवलं.

"ह्यांचा आलेख अगदी छान आहे. पारा चढायच्या आधीचे हे चार-पाच दिवस महत्त्वाचे. तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"नाईट ड्यूटीला. अंड्यांचे ट्रे फिरवायला."

"ही ड्यूटी कधी कधी येते?"

"दर चौथ्या आठवड्याला. अगदी नेमानं!"

बोलून गेलो आणि मग हिशेब लागला. सुलभाचं चक्र अठ्ठावीस दिवसांचं, ड्यूटीचा तक्ताही अठ्ठावीस दिवसांचा! चार वर्षं, ऐन मोक्याच्या रात्री, मी कोंबड्यांच्या अंड्यांपाशी जागत होतो!

"आणि मी सोमवार करत होते," सुलभा म्हणाली. तिचा राग येण्याचा हक्क मला पूर्ण मान्य होता, आणि स्वतःची इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

ड्यूटी बदलली आणि पुढच्या वर्षी आम्हाला मुलगी झाली. पण ड्यूटी बदलून मागायला गेलो, तो दिवस मी विसरणार नाही. आबासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे कामगारांना शिस्त लागावी म्हणून मी स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती:

"ऐन वेळी जागेवर नसणाऱ्यानं पिल्लांची अपेक्षा करू नये!"