गोलात केलेल्या नऊ सह्या

मंडळी, आज सकाळीच घडलंय. इथे लिहितेय, कारण टीममध्ये मराठी कुणालाच वाचता येत नाही.

मी गुरुग्राममध्ये नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी जिल्ह्याच्या महिला संघातून व्हॉलीबॉल खेळते. मैदानावर आम्हाला कपडे बदलायला खोली नाही. गाडीच्या काचांना टॉवेल लावून बदलतो, यार. शेवटी असोसिएशनला पत्र दिलं. पहिली सही कुणाची हे कळू नये म्हणून नऊ जणींनी गोलात सह्या केल्या. ही आयडिया आमची कॅप्टन प्रीती हिची.

आज सचिवांनी सगळ्यांना बोलावलं. चहा पाजला. मग पत्र टेबलावर ठेवून अगदी प्रेमाने म्हणाले, "बेटा, अगले हफ्ते स्टेट का सिलेक्शन है. जिसका मन बदल गया हो, अपना नाम काट दे."

पेन आधी प्रीतीनेच उचललं. मग ते एकेकीकडे फिरत गेलं आणि सगळ्यात शेवटी माझ्यापुढे आलं.

मी धीट वगैरे बिल्कुल नाही. भीतीने माझा हातच उचलला गेला नाही.

सचिवांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. "आप तो पुणे से हो ना?" एवढंच विचारलं.

तेव्हापासून टीमच्या ग्रुपवर एकही मेसेज नाही. माझ्या जागी तुम्ही असतात तर उद्या जाऊन नाव खोडलं असतंत का? कुणी एकटी सापडू नये म्हणून तो गोल होता. आता त्यात फक्त माझंच नाव उरलंय.