वल्ह्याचा तुकडा

आमच्या वर्कशॉपात लोखंड घासायला हातात धरून चालवायचे दोन ग्राइंडर होते. एक जुना, जड, रंग उडालेला; दुसरा नवा आणि हलका. तारापूरच्या बांधकामावर मी साताऱ्याहून फिटर म्हणून आलो, तेव्हा दोन्ही एकाच माणसाच्या ताब्यात होते. तो घिवलीच्या कोळीवाड्यातला. बोलणं मोजकंच. पण ग्राइंडर कुणी आपटून ठेवला की खेकसायचा, "ते काय नारल हाय?"

त्याच्याकडे तुटक्या वल्ह्याचा हातभर तुकडा होता. चालू ग्राइंडरवर त्याचं एक टोक टेकवून दुसरं तो कानाला लावायचा. त्याचा बाप वल्हं पाण्यात धरून घोळ माशांचा आवाज असाच ऐकायचा म्हणे. आम्ही सगळे हसायचो. मीसुद्धा.

एकदा मोठे साहेब जुना ग्राइंडर भंगारात काढायला निघाले. त्यानं दोन्ही चालू करून वल्हं लावून ऐकले आणि तो म्हणाला, "जुना ऱ्हाऊ द्या. नव्याचं बेरिंग कोरडं हाय. दोन दिवस नाय काढायचा."

साहेबांनी तिथंच नवा खोलायला लावला. आत ग्रीसचा पत्ता नव्हता, बेरिंगच्या गोळ्या तापून निळ्या पडल्या होत्या. साहेब जुना ग्राइंडर जागेवर ठेवायला सांगून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर साहेब वल्हं कानाला लावून जुन्या ग्राइंडरवर वाकलेले, आणि हा शेजारी कमरेवर हात ठेवून उभा.

"डोले मिटा, सायेब. मंग ऐकाय येल."

साहेबांनी मुकाट्यानं डोळे मिटले. त्यांच्या मागे नंबर लावून मी उभा राहिलो.