तिसऱ्या मजल्याच्या चाव्या

"सुधीर गेला..." सकाळी फोनवर काका एवढंच म्हणाले. आणि मग, "मजल्याच्या चाव्या माझ्याकडे आहेत." अशा वेळी चाव्यांचं काय, असं दुसऱ्या कुणाला वाटलं असतं. मला वाटलं नाही.

सुधीरदादा माझा आतेभाऊ, काकांचा मुलगा. देवरुखहून कॉलेजसाठी मी लालबागच्या चाळीत त्यांच्या खोलीवर राहायला आलो, तेव्हा आत्या नव्हती. तिच्या दुखण्यात दादाने सोडलेली नोकरी पुन्हा धरलीच नाही. काका कॉटन ग्रीनच्या एका गोदामात कामाला जात. "मुलगा काय करतो?" असं कुणी विचारलं की खाली बघत म्हणत, "घरात असतो."

तो घरात असे, म्हणून मजल्यावरची सगळी बिऱ्हाडं कामाला जाताना चावी त्याच्याकडे देत. दाराआड खिळे ठोकलेली फळी, प्रत्येक चावीला वेगळ्या रंगाची चिंधी. कुणाचा सिलिंडर उतरवून घ्यायचा, कुणाचं पाणी भरायचं, शाळेतून आलेल्या मुलांना वाढायचं, परबांच्या आजींच्या डोळ्यांत थेंब घालायचे... माझ्या परीक्षेच्या दिवसांत तर त्याने दारोदार जाऊन टीव्हीचे आवाज कमी करायला लावले. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. त्या पदवीत दादाचा वाटा मोठा आहे.

एकदा काकांनी ओळखीने त्याला माटुंग्याच्या एका दुकानात लावून दिलं. पहिल्या दिवशी दादाने सवयीने सगळ्यांच्या चाव्या घेतल्या, फळीवर लावल्या आणि खोलीला कुलूप घालून कामावर गेला. फोन मालकाकडे जमा. संध्याकाळी अख्खा मजला गॅलरीत डबे मांडीवर घेऊन बसलेला. त्यांत मी, आणि काकाही. घरात दादा असायचाच, त्यामुळे चावी खिशात ठेवायची सवय त्यांना कुठली.

परबकाकू म्हणाल्या, "याला नोकरीला लावताना मजल्याला विचारायचंत तरी."

"मग पगार तुम्ही द्या," काका खेकसले.

"पगाराचं बघू हो. आधी चूल पेटवायला आत तर जाऊ दे."

ती नोकरी आठवडाभरही टिकली नाही. काकांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. दादा मला म्हणाला, "बाबांना चारचौघांत सांगता येईल असं माझ्याकडे काहीच नाही रे." एरवी हसतमुख असलेल्या दादाला मी तेव्हा एकदाच असं बोलताना ऐकलं.

तेराव्याला परबकाकू हलकेच म्हणाल्या, "आता चाव्या आमच्या आम्ही नेतो. तुम्हाला या वयात त्रास कशाला?"

काका उठून फळीपुढे उभे राहिले. "राहू देत. सुधीरचं काम आहे ते. मी घरात असतो."

काम... हा शब्द ऐकायला दादा हवा होता.

परवा गेलो तेव्हा दार उघडंच होतं. समोर नवीन बिऱ्हाड आलंय. त्यांची चावी काकांच्या हातात होती, आणि दादाचा जुना निळा शर्ट मांडीवर घेऊन ते त्याची चिंधी फाडत होते. "हे सगळं माझा मुलगा बघायचा," ते त्या नव्या बाईंना सांगत होते, त्यांच्याकडे सरळ बघून.