शेवटच्याचा मान

परदेशवारी म्हणावी तर पासपोर्ट लागला नाही, आणि सहल म्हणावी तर सरहद्दीवर आमच्या बॅगांची पार उलथापालथ झाली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. बेलापूरच्या सरकारी कचेरीत मी रजेचा अर्ज टाकला तेव्हा साहेबांनी विचारलं, "नेपाळला काय, शॉपिंग?" मी म्हटलं, "नाही सर, डोंगर चढायला." साहेबांनी माझ्या सुटलेल्या पोटाकडे पाहिलं आणि निमूट सही केली.

आम्ही सात जण होतो. सगळे कोपरखैरणे, वाशी, बेलापूर असे आसपास राहणारे, रविवारी सह्याद्रीतले गड चढणारे नोकरदार. ग्रुप सुरू केला तो कोपरखैरण्याच्या एका शाळेतल्या बाईंनी. पन्नाशी ओलांडलेल्या, मूळच्या साताऱ्याकडच्या, आवाज असा की चालू वर्ग काय, चालू एसटीही थांबावी. उजवा गुडघा मात्र कायमचा दुखरा, त्यामुळे प्रत्येक गडावर त्या शेवटी पोचायच्या. म्हणूनच की काय, त्यांनी एक पद्धत पाडली होती. गडाच्या दरवाजाशी सगळ्यांनी थांबायचं. शेवटचा माणूस आला की त्यानंच पहिलं पाऊल आत टाकायचं, बाकीच्यांनी त्याच्या मागून. आम्ही चिडवायचो, "बाई, नियम तुमचा आणि फायदाही तुमचाच." त्या म्हणायच्या, "मग? हेडमास्तरांचा करू का फायदा?"

बाईंच्या स्वयंपाकघरात कपाटाच्या दाराला आतून जुन्या कॅलेंडरवरचं बर्फाच्या डोंगराचं चित्र चिकटवलेलं होतं. पोह्यांचा डबा काढताना ते दिसायचं. "एकदा बर्फाच्या माथ्यावर उभी राहीन, मग गुडघा गेला तरी चालंल," असं त्या हसत म्हणायच्या, पण डोळे हसत नसत. नेपाळचा घाट त्यांनीच घातला. शिखर सहा हजार मीटरच्या थोडं वरचं, फारसं नावाजलेलं नाही. आम्ही पावसाळाभर पाठीवर तांदळाची पोती घेऊन सोसायट्यांचे जिने चढलो-उतरलो. शेजाऱ्यांना वाटलं, आम्ही वाण्याकडे कामाला लागलो.

प्रवासानंच अर्धा जीव घेतला. आधी गोरखपूरपर्यंत गाडी, मग सरहद्दीपलीकडे रात्रभर हाडं खिळखिळी करणारी बस, मग दिवसचे दिवस पायपीट. वर जसजसं गेलो तसतशी भूक मेली. घरून नेलेल्या चिवड्याचा वासही नकोसा झाला. डोकं ठणकायचं, झोप लागायची नाही, आणि बुटाची नाडी बांधायची म्हटलं तरी आधी बसून विचार करावा लागायचा. मला इतकं थकलेलं असणं ठाऊकच नव्हतं. कचेरीतला थकवा वेगळा, तो घरी गेल्यावर उतरतो. हा अंगात मुक्कामालाच आला होता. मी घरची आठवण काढायचो ती माणसांची नाही, पंख्याखालच्या गादीची. खरं सांगायचं तर मला शिखर नको झालं होतं. पण बाकीचे गप्प चालत होते, म्हणून मीही चालत होतो.

शिखराच्या दिवशी पहाटेच निघालो. आमच्याबरोबर दोन शेर्पा होते, एक पुढे आमच्यासोबत, एक मागे बाईंसोबत. ऊन वर आलं तेव्हा आम्ही सहा जण शेवटच्या बर्फाळ चढाच्या पायथ्याशी पोचलो. तिथे एका खडकाच्या आडोशाला थोडी सपाट जागा होती. वर माथा दिसत होता, अगदी समोर. एक जण म्हणाला, "हा आपला दरवाजा. बाई येईपर्यंत थांबायचं." आम्ही सगळे मटकन खाली बसलो. शेर्पा म्हणाला, "ज्यादा मत बैठो, उधर बादल देखो." आमच्यातलं कुणी मान वळवूनही पाहिलं नाही. एकाला ओकारी झाली. मी मांडीत हात खुपसून बसलो आणि मनातल्या मनात विनवत राहिलो की बाईंनी सावकाश यावं.

खालच्या वळणावर बाईंची लाल टोपी दिसली. त्या थांबल्या, वर पाहिलं. दोन पावलं टाकली आणि पुन्हा थांबल्या. खडकाला टेकून बसल्या. त्यांच्यासोबतचा शेर्पा काहीतरी बोलत होता, त्या मान हलवत होत्या. आम्ही म्हटलं, गुडघा. बाई आमच्यापर्यंत आल्या तोवर ढगांनी माथा गिळला होता. तरी एक जण धडपडत उठला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही पुढं व्हा." आमच्या शेर्पानं हात आडवा केला. "अब नहीं." बाईंनी वर बघितलंच नाही. "चला, उतरूया," म्हणाल्या, आणि वळल्या.

परत आल्यावर ज्यानं त्यानं विचारलं, पोचलात का? उत्तर हळूहळू एकच ठरून गेलं. बाईंचा गुडघा दुखायला लागला, त्यांच्यासाठी थांबलो, हवा बिघडली. बाईंच्या शाळेतही तेच पसरलं. स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं म्हणे, झेपत नाही तर जावं कशाला? बाईंनी एका शब्दानं उत्तर दिलं नाही. मला हे सहन होईना. कारण माझ्यापुरतं तरी ते खरं नव्हतं.

दिवाळीत फराळाच्या निमित्तानं मी त्यांच्या घरी गेलो. एवढे दिवस उलटले तरी अंगातला शीण गेला नव्हता. त्यांचे तीन मजले चढून दारात उभा राहिलो तो धापा टाकत. त्यांनी चकल्या पुढे केल्या आणि चहाचं आधण ठेवलं. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मी एका दमात सांगून टाकलं, "बाई, तुम्ही लवकर आला असतात तरी मी वर जाऊ शकलो नसतो. माझ्यात जीवच नव्हता. उगाच तुमच्या नावावर जातंय."

बाईंनी साखरेसाठी कपाट उघडलं. चित्र अजून होतं.

"तुझ्यात नव्हता, आणि दुसऱ्या कुणातही नव्हता," त्या म्हणाल्या. "वळणावरनं वर बघितलं तेव्हाच कळलं मला. मेंढरं बसावीत तशी बसला होता सगळी. एकाचीही मान वर नाही. म्हणून तर बसले खाली."

मी म्हटलं, "पण मग वर येऊन सरळ सांगायचं ना, परत फिरा म्हणून."

"ऐकलं असतं तुम्ही? पद्धत माझीच. मला पुढं घातलं असतं आणि तसलेच धडपडत मागनं आला असता. त्यातला एक जरी घसरला असता, तर त्याच्या आईला काय सांगितलं असतं मी?" त्यांनी चहा गाळला. "ढग येतच होते. म्हटलं, त्यांनाच आधी जाऊ दे."

मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "आणि तुम्ही, बाई? तुम्हाला जमलं असतं?"

त्यांनी कपबशी माझ्या हातात दिली आणि कपाटाचं दार लावलं.

"त्या दिवशी गुडघा अजिबात दुखत नव्हता बघ," त्या म्हणाल्या.